भरलेले गाल

सावरकुंड, व्हाया हरसूल
११ जुलै १९७८

प्रिय ढुंढिराज,

सप्रेम जयभीम. येऊन महिना झाला आणि पत्र आता लिहितोय, तेव्हा काय शिव्या द्यायच्या त्या देऊन मोकळा हो.

एसटी हरसूलपर्यंत येते, पुढे कच्च्या गाडीवाटेनं डोंगर चढून पायी. आश्रमशाळा म्हणजे दोन लांबलचक कौलारू खोल्या. दिवसा मुलं त्यांत शिकतात, रात्री त्यांतच झोपतात. शिकवायला मी आणि दुसरे एक मास्तर, त्यांचा मुक्काम बहुतेक नाशकातच असतो. वर एक अधीक्षक. मुलं कोकणा, वारली, महादेव कोळी. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, काय शहाणी मुलं आहेत! वर्गात आवाज नाही, मारामारी नाही, खडू चोरीला जात नाही. आमच्या कॉलनीतली पोरं आठवून मला हसू येत होतं. मग हळूहळू लक्षात आलं, दंगा करायलाही पोटात काहीतरी असावं लागतं.

धान्याची गाडी येते, मी स्वतः पाहिली. पोती उतरतात, मोजदाद होते, सही होते आणि निम्मी पोती पुन्हा त्याच गाडीत चढून हरसूलच्या बाजारात जातात. स्वयंपाकाला विठाबाई आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "गुरुजी, डाळीत डाळ नाय, नुसतं पाणी. आता पाण्याला मी किती उकळू?" दुधाची पावडर कागदावर रोज वाटली जाते. मुलांना तिचा रंगही माहीत नाही.

दुसरीत सोमी नावाची मुलगी आहे. तू दिलेला बॉक्स कॅमेरा बाहेर काढला की सगळ्यांत आधी ती पुढे येऊन उभी राहते. परवा विचारते, "गुरुजी, मी याच्यात गेले तरी इथं बी ऱ्हाते ना?" राहतेस म्हटल्यावर तिला बरं वाटलं. फ्रॉकच्या बाहीतून तिचा खांदा दिसतो, तो खांदा म्हणजे नुसतं हाड आहे.

मी जिल्ह्याला तक्रार केली. उत्तर आलं, "पुराव्यानिशी कळवावे." लेख लिहावा म्हटलं तर मी लिहितो त्या साप्ताहिकाच्या संपादकांना माझी डोंगरांची वर्णनं हवी असतात. ती छापतात आणि कळवतात, शैली प्रसन्न आहे. तेव्हा आता या मुलांचे फोटोच काढावेत असं डोक्यात आहे. तुझं काय मत?

अनसूयावहिनींना नमस्कार.

तुझा,
निवृत्ती

•

रविवार कारंजा, नाशिक
२३ जुलै १९७८

प्रिय निवृत्ती,

नमस्कार. मत विचारलंस, तर स्पष्ट सांगतो. गप्प बस.

तुला कायमची नोकरी लागायला किती वर्षं गेली ते तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक. भिमाबाईमावशी परवा दुकानावरून जाताना मुद्दाम आत आल्या. "लेक सरकारी मास्तर झाला," म्हणून मला पुन्हा पेढा दिला. तिसऱ्यांदा! ती शाळा सरकारी नाही, संस्थेची आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण तू विसरू नकोस. आणि त्या संस्थेच्या अध्यक्षांच्या घरच्या प्रत्येक कार्याचे फोटो माझ्याकडे असतात. मुंज माझ्याकडे, लग्न माझ्याकडे, परवाची षष्ट्यब्दीसुद्धा. माणूस गोड बोलतो, पण त्याच्या वाटेला गेलेल्यांचं काय झालं ते मी ऐकून आहे. माझा स्वभाव तू जाणतोसच. वर्गात मास्तरांनी तुला छड्या मारल्या की डोळे माझे भरायचे.

तू आपला डोंगरावर लिही. प्रसन्न शैली काही वाईट नसते.

इकडे लग्नसराई संपली तरी मुली दाखवायचे फोटो चालूच आहेत. एका कारकुनाची मुलगी, स्वभावाने लाखात एक, पण आजारातून उठलेली, तोंड अगदी सुकून गेलेलं. फोटो बघूनच नकार यायचे. मी निगेटिव्हवर काम करत बसलो. गालाच्या खळग्यांत बारीक पेन्सिल फिरवली, गळ्याची हाडं पात्यानं खरवडली, डोळ्यांखालचं काळं काढलं. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की प्रतीत ती जागा उजळते, पात्यानं खरवडली की काळवंडते. मुलगी लक्ष्मीसारखी दिसायला लागली आणि स्थळ जमलंसुद्धा. आई-बाप पाया पडायला आले. त्र्यंबकला आमचे बंधू लोकांचे ग्रह शांत करतात, मी इथे चेहरे शांत करतो. दोघांचंही चाललंय.

अनसूयेनं चिवडा पाठवलाय. सगळा वाटून टाकू नकोस, थोडा खा.

तुझा,
ढुंढिराज

•

सावरकुंड
९ ऑगस्ट १९७८

प्रिय ढुंढिराज,

सप्रेम जयभीम. तुझं पटलं. तक्रारीचा नाद सोडला. वहिनींचा चिवडा फार चांगला होता, मी मूठभर खाल्ला. खोटं नाही.

एक काम आहे. हरसूलचे कंडक्टर पुंजा यांच्या हाती रोल पाठवतोय. मुलांचे फोटो आहेत, शाळेच्याच कामाचे. धुऊन प्रत्येकाची मोठी प्रत काढ आणि पाकिटात घालून सोबतच्या पत्त्यावरच्या साहेबांच्या हातात दे. त्यांच्या हातातच. टपालात टाकू नकोस, तिथल्या कारकुनाकडेही देऊ नकोस. सोबत माझं बंद पाकीट आहे, तेही त्यांनाच दे. मी स्वतः आलो असतो, पण वाटेतल्या फरशी पुलावरून पाणी जातंय, एसटी कधीही बंद होईल. आणि इथून हलावंसं वाटत नाही. सोमीला ताप आहे.

फोटो कशासाठी ते भेटल्यावर सांगेन. विशेष काही नाही. पण लवकर कर.

तुझा,
निवृत्ती

•

नाशिक
२६ ऑगस्ट १९७८

प्रिय निवृत्ती,

नमस्कार. काम फत्ते! आज सकाळी साहेबांच्या हातात दोन्ही पाकिटं दिली. तुझं पाकीट त्यांनी खिशात घातलं आणि फोटो तिथेच एकेक करून पाहिले. म्हणाले, "छान आहेत हो." मी म्हटलं, "फोटो आमच्या मित्राचे, हात आमचा." आता मुख्य गोष्ट ऐक आणि मला शाबासकी दे.

तुझे रोल धुतले तेव्हा मला धक्काच बसला. अरे, काय ही मुलं! एकाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, एकीच्या मानेवर डोकं कसं ठरलं कोण जाणे. तू उभं केलंस तेही भर उन्हात, म्हणजे प्रत्येक हाडाची सावली पडणार. लेखक झालास तरी उजेड कुठून घ्यावा हे तुला कधी कळलंच नाही. अनसूया डार्करूमच्या दारात उभी होती, ती रडायलाच लागली. म्हणाली, "अहो, परक्या माणसापुढे लेकरं अशी जाऊ द्यायची? यांना काय मान नाही का?"

मलाही तेच वाटलं. मुलीचा फोटो परक्यापुढे जायचा तर नीटच गेला पाहिजे, मग ती कारकुनाची असो की डोंगरावरची. तक्रारीचा नाद तू सोडलाच आहेस, तेव्हा साहेब लोक बघणार ते कुठे शिष्यवृत्तीचं किंवा कसलं काम असणार. यांना बघून नाक मुरडलं तर? म्हणून सगळी गिऱ्हाइकं बाजूला ठेवून मी एकेका निगेटिव्हवर बसलो. गाल भरले. बरगड्यांच्या मधल्या सावल्या पेन्सिलीनं बुजवल्या, वर आलेली हाडं पात्यानं खरवडून सपाट केली. नुसत्या प्रतीवर रंग लावून भागवलं नाही, मूळ निगेटिव्हच दुरुस्त केलीय, म्हणजे पुढे कधीही प्रती काढ, मुलं चांगलीच निघतील. आयुष्यात इतकं मन लावून काम केलं नव्हतं. एक मुलगी कॅमेऱ्याकडे अगदी टक लावून बघते, बाहीतून खांदा बाहेर आलेला, तीच ना तुझी सोमी? तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. आता बघशील तर ओळखणार नाहीस.

याचे आभार मानायचे नाहीत. मित्राची मुलं ती माझी मुलं.

तुझा,
ढुंढिराज

•

सावरकुंड
१८ सप्टेंबर १९७८

ढुंढिराज,

तुझं पत्र काल मिळालं. फरशीवरचं पाणी उतरल्यावर सगळं टपाल एकदम आलं. तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

सोमी पोळ्याच्या दिवशी गेली. तापात अंगात जीवच उरला नव्हता. तिचा बाप बुधा आणि मी तिला घोंगडीच्या झोळीत घालून हरसूलच्या दवाखान्याकडे निघालो. ओढ्याच्या अलीकडेच तिचा हात थंड लागला. तरी आम्ही चालत राहिलो, कारण थांबून करायचं काय तेच कळेना.

मी रोज दरीतल्या वाटेकडे बघत होतो. वाटत होतं, फोटो पाहून जिल्ह्याच्या साहेबांना राहवणार नाही, ते पाणी उतरायची वाट बघणार नाहीत. ते आले पाणी उतरल्यावर. संस्थेचे अध्यक्ष त्यांच्याच गाडीत होते. मुलांना नवे कपडे घातले होते, डाळ घट्ट होती. साहेबांनी तू नेऊन दिलेल्या बंद पाकिटातली माझी तक्रार वाचून दाखवली आणि फोटो टेबलावर मांडले. म्हणाले, "गुरुजी, हा तुमचाच पुरावा. यातलं उपाशी मूल कोणतं ते दाखवा."

मी बघत राहिलो. माझ्याच वर्गातली मुलं, मीच उभी केलेली, आणि एकाही चेहऱ्याचा मला पत्ता लागेना. सोमीचे गाल भरलेले होते. ढुंढिराज, तिला गाल नव्हतेच. मी म्हणालो, ही ती मुलं नाहीत. अध्यक्ष हसले. म्हणाले, "गुरुजी लेखक आहेत." साहेबही हसले. सोमीच्या नावापुढे "ताप" असं लिहून गाडी निघून गेली. परवापासून डाळ पुन्हा पातळ झाली आहे.

तुला फाडून खावंसं वाटतंय. तुझा हात मोडावा असंही एकदा मनात आलं, ते लपवत नाही. आता एकच सांग. ती पेन्सिल पुसता येते का? मूळ मुलं परत निघतात का? बाकी काही लिहू नकोस.

निवृत्ती

•

नाशिक
१ ऑक्टोबर १९७८

निवृत्ती,

बाकी काही लिहू नकोस म्हणालास, पण लिहितो.

पेन्सिल टर्पेंटाइननं निघाली. पात्यानं खरवडलेलं परत येत नाही. जिथे हाडं होती तिथे आता नुसते काळे डाग आहेत. प्रती काढून पाहिल्या, चेहऱ्यांवर शाई सांडल्यासारखं दिसतंय. ती मुलं परत निघत नाहीत. कुणाच्याच हातून निघणार नाहीत, माझ्या तर नाहीच नाही.

मी साहेबांकडे गेलो होतो. त्या डागाळलेल्या प्रती टेबलावर ठेवल्या आणि हे माझे उद्योग म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, "म्हणजे तुम्हीच म्हणता फोटो हवे तसे करता येतात. मग तुमच्या मित्रासाठी तुम्ही आज हे डाग पाडून आणले नाहीत कशावरून?" प्रती गोळा केल्या आणि तसाच उठलो. बाहेर त्यांचा कारकून म्हणाला, तुमचे आधीचे फोटो फार आवडले, संस्थेनं त्यांच्या स्मरणिकेसाठी मागून नेलेत.

अध्यक्षांचं काम मी सोडलं. मोठा शूर झालो असं नाही, त्यांच्या घरात कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर तीच मुलं दिसतील म्हणून सोडलं.

एक विचारतो, रागावू नकोस. मला का नाही सांगितलंस? कंडक्टरच्या हाती रोल दिलास, त्यात एक ओळ टाकली असतीस, "हे फोटो तक्रारीचे आहेत, यांना हात लावू नको," तर मी लावला असता का? घाबरलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, पण नेऊन दिले असते. तू मला भित्रा समजलास. मी आहेच. पण एवढा नाही रे.

अनसूया अजून त्या मुलीचं नाव घेते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

ढुंढिराज

•

नाशिक
२० फेब्रुवारी १९७९

प्रिय निवृत्ती,

तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. तुला शाळेतून काढल्याचं मावशींकडून कळलं. खोटी तक्रार करून संस्थेची बदनामी केली, असं कारण दिलंय म्हणे. तू देवळ्याला कुणा कांद्याच्या व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवतोस, हेही त्यांनीच सांगितलं. आता मावशी दुकानात येत नाहीत, रस्त्यातच बोलतात.

नाशकात येऊन राहा. वरची खोली रिकामी आहे. लिही, काहीही लिही, वाचायला मी आहे. मी चेहऱ्यांवरचं काम बंद केलंय. आता जसं तोंड तसा फोटो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

आणि त्या संस्थेची स्मरणिका पाहण्यात आली, तर उघडू नकोस.

तुझा,
ढुंढिराज

•

देवळा
१९ जून १९७९

प्रिय ढुंढिराज,

सप्रेम जयभीम. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इतके महिने दिलं नाही, कारण ते मला ठाऊक होतं. तू म्हणतोस ते खरं आहे. मीच तुला सांगितलं नाही. आपला ढुंढू घाबरेल, असं धरून चाललो आणि शहाणा ठरायला गेलो. तुझा हात जेवढा लागला तेवढंच माझं न सांगणंही लागलं. राग केव्हाच गेला. तो गेल्यावर आत काहीच उरलं नाही, म्हणून पत्रही नाही.

आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. माझी पेटी सावरकुंडलाच राहिली होती. विठाबाईनं निरोप धाडला, बाजाराच्या दिवशी हरसूलला आणून ठेवते. म्हणून काल गेलो होतो. पेटी घेऊन स्टँडकडे येतो तर मागून हाक आली. "गुरुजी, वळखलं का? सोमीची आय मी, कुसा." बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी, सोमीची धाकटी बहीण भागी. अंगात नवा फ्रॉक. मी विचारलं, कुठे निघालात? म्हणाली, "हिला शाळंत घालाया. तुमच्याच शाळंत."

मी पेटी खाली ठेवली. म्हटलं, कुसाबाई, नका धाडू हिला तिथं. सोमीचं काय झालं ते विसरलात का? ती म्हणाली, "सोमीला ताप आला व्हता, त्यानंच वाळली पोर. ताप कुनाला बी येतोय. पर खायाला लय चांगलं भेटत व्हतं तिला, त्येवढंच मनाला बरं." आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला. संस्थेनं चौकट करून घरी नेऊन दिलाय. तुझंच काम, ढुंढिराज. गोबरे गाल, गोल खांदा, आणि डोळे मात्र सोमीचे. डोळ्यांना तू हात लावला नव्हतास.

कुसाबाई त्या फोटोवर बोट फिरवत म्हणाली, "घरी असताना अशी कंदी नव्हती हो. आमच्याकडं नुसती नागलीची पेज. तिथं जाऊन बगा कशी झाली व्हती. ही भागी बी अशीच व्हईल. आमच्यापाशी ऱ्हाऊन काय व्हनार हिचं?"

मी तिला सगळं सांगितलं. स्टँडवर, लोक बघत असताना. धान्याची गाडी, डाळीतलं पाणी, नाशकातला माझा मित्र, त्याची पेन्सिल, त्याचं पातं, एकही गोष्ट ठेवली नाही. सोमी उपाशी गेली, हे तिच्या आईच्या तोंडावर म्हणालो. माझा आवाज चढला असावा, भागी आईच्या मागे लपली. कुसाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझी समजूत घालावी तसं म्हणाली, "गुरुजी, पेन्सिलीनं कुठं कुनाचं गाल भरत्यात?"

मी म्हटलं, भरतात. मी शपथ घेतो.

ती म्हणाली, "ह्यो फोटू काढला कुनी? तुमीच ना?"

मी म्हणालो, हो, मीच काढला.

"मंग? सोमी सांगायची, गुरुजी आमाला जीव लावत्यात. तुमी कशाला तिचा खोटा फोटू काढाल?" आणि मला वाटतं तिला माझी कीव आली. म्हणाली, "तुमची नोकरी गेली, मन थाऱ्यावर नाय तुमचं. जेवत जा येळंवर."

तिचा माझ्यावर विश्वास आहे रे, म्हणूनच तिनं माझं ऐकलं नाही. तिनं फोटो फडक्यात गुंडाळला, भागीचा हात धरला आणि दोघी सावरकुंडच्या वाटेला लागल्या. माझी एसटी लागली होती. कंडक्टरनं पेटी टपावर चढवली आणि मी बसलो.

तुझा,
निवृत्ती